काउंटीचं बजेट आणि मुलांची शाळा: फेअरफॅक्समध्ये आपलं म्हणणं कधी, कुठे आणि कसं मांडायचं

पहिल्यांदा काउंटीच्या बजेट सुनावणीला गेले तेव्हा एप्रिलचा मध्य उलटला होता. तीन रात्री जागून भाषण लिहिलं होतं. घरपट्टीचा दर सुचवलाय त्याहून दोन सेंट जास्त लावा, आम्ही भरू, पण शाळांनी मागितलेले पैसे पूर्ण द्या, असं माझं म्हणणं. बोलून जागेवर आले, तर शेजारच्या निवृत्त शिक्षिका हळूच म्हणाल्या, "छान बोललात. पण दराची कमाल मर्यादा मार्चमध्येच ठरते. आता तो फक्त खाली येऊ शकतो."

म्हणजे मी जे मागितलं ते त्या वर्षी कुणालाच देता येण्यासारखं नव्हतं. महिनाभर आधी तेच वाक्य ई-मेलमध्ये लिहिलं असतं तर निदान विचारात तरी घेतलं गेलं असतं. त्यानंतर दरवर्षी मी हे सगळं नीट बघत आले, कागद वाचले, चार लोकांना विचारलं. व्हर्जिनियातल्या फेअरफॅक्स काउंटीत राहणाऱ्या मराठी पालकांनी पहिल्याच वर्षी योग्य वेळी, योग्य माणसांपुढे उभं राहावं म्हणून हे लिहिते आहे.

मतदानाचा हक्क नसला तरी म्हणणं मांडता येतं

हे आधीच सांगते, कारण इथेच बरेच जण मागे फिरतात. "आम्ही एच-वन-बीवर आहोत", "ग्रीन कार्ड आहे, पण नागरिकत्व नाही", "आम्हाला कोण विचारणार?" ही वाक्यं मी मराठी शाळेच्या पार्किंगमध्ये किती वेळा ऐकली असतील त्याला गणती नाही.

निवडणुकीत मत द्यायला नागरिकत्व लागतं. बजेटच्या जाहीर सुनावणीत बोलायला लागत नाही. नोंदणीच्या अर्जात तुमचं नाव, पत्ता, संपर्क आणि कोणत्या विषयावर बोलणार एवढंच सांगायचं असतं. व्हिसा कोणता, हे तिथे कुणी विचारत नाही. तुम्ही काउंटीचे रहिवासी आहात, तुमची मुलं तिथल्या शाळेत जातात आणि तुम्ही कर भरता, एवढं पुरेसं आहे.

भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये राहणारेही कर भरतात. गाडीवरचा कर तर थेट भरतात: फेअरफॅक्समध्ये गाडीच्या किमतीच्या दर १०० डॉलरमागे ४.५७ डॉलर असा हा दर आहे आणि बिल साधारण ऑक्टोबरच्या ५ तारखेपर्यंत भरायचं असतं. घरमालकाची घरपट्टी भाड्यातून वसूल होते ती वेगळीच. तेव्हा "आमचं घर नाही" हेही कारण नको.

मागणी कुणाकडे करायची

दोन वेगळी मंडळं आहेत. त्यांच्या कामांची सरमिसळ झाली की चांगली मागणीही वाया जाते.

व्हर्जिनियात स्कूल बोर्डाला कर लावायचा अधिकार नाही. फेअरफॅक्सचं स्कूल बोर्ड १२ निवडून आलेल्या सदस्यांचं आहे: नऊ जिल्ह्यांचे नऊ आणि संपूर्ण काउंटीतून निवडलेले तीन. पावणेदोन लाखांहून जास्त विद्यार्थी, जवळपास दोनशे शाळा आणि सुमारे चार अब्ज डॉलरचं बजेट त्यांच्या हाताखालून जातं. पण हे पैसे उभे करतं ते बोर्ड ऑफ सुपरवायझर्स. त्यात नऊ जिल्ह्यांचे नऊ सुपरवायझर आणि सगळ्या काउंटीचे मिळून एक चेअरमन, असे दहा जण. घरपट्टीचा दर ते ठरवतात आणि शाळांकडे किती रक्कम वळती करायची हेही तेच ठरवतात. या रकमेला इथे सगळे 'स्कूल ट्रान्सफर' म्हणतात. काउंटीच्या सर्वसाधारण निधीतले अर्ध्याहून जास्त पैसे या एकाच ओळीत जातात.

राज्याच्या कायद्यानुसार सुपरवायझर शाळांना एकूण रक्कम देऊ शकतात किंवा अध्यापन, वाहतूक, देखभाल अशा मोठ्या गटांनुसार देऊ शकतात. त्याच्या आत ते शिरू शकत नाहीत. तुमच्या शाळेत व्हायोलिनचा शिक्षक हवा की वाचन-तज्ज्ञ, हे त्यांच्या हातातच नाही. सुनावणीत एक पालक तळमळीनं सुपरवायझरांना सांगत होते की चौथीच्या वर्गाला मदतनीस द्या. दहाही जण शांतपणे ऐकत होते, पण त्यातल्या एकालाही ते करता येणार नव्हतं.

म्हणून माझा नियम सोपा आहे. किती पैसे, हा प्रश्न सुपरवायझरांना. कशावर खर्च करायचे, हा प्रश्न स्कूल बोर्डाला. दोन्ही म्हणायचं असेल तर दोन वेगळी पत्रं लिहा.

आपला जिल्हा कोणता हेही आजच बघून ठेवा. ब्रॅडक, ड्रेन्सव्हिल, फ्रँकोनिया, हंटर मिल, मेसन, माउंट व्हर्नन, प्रॉव्हिडन्स, स्प्रिंगफील्ड आणि सली हे नऊ जिल्हे. पोस्टाच्या पत्त्यातल्या गावावरून अंदाज बांधू नका. पत्त्यात हर्नडन किंवा फेअरफॅक्स असलं तरी जिल्हा भलताच निघू शकतो. काउंटीच्या संकेतस्थळावर पत्ता टाकला की सुपरवायझर आणि स्कूल बोर्डाचे सदस्य, दोघांचीही नावं मिळतात.

वर्ष कसं चालतं

इथलं आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होतं. एप्रिल ते मार्च ही आपल्या डोक्यात बसलेली घडी इथे विसरायची. आर्थिक वर्ष २०२६ म्हणजे १ जुलै २०२५ ते ३० जून २०२६.

डिसेंबरात राज्याचे गव्हर्नर राज्याच्या बजेटचा प्रस्ताव मांडतात. जानेवारीच्या सुमारास शाळांचे सुपरिंटेंडेंट पुढच्या वर्षाचं शालेय बजेट सुचवतात. त्यावर स्कूल बोर्डाची सुनावणी होते आणि फेब्रुवारीत बोर्ड आपली मागणी मंजूर करून काउंटीकडे पाठवतं. फेब्रुवारीच्या उत्तरार्धात काउंटी एक्झिक्युटिव्ह, म्हणजे नेमलेले मुख्य प्रशासक, संपूर्ण काउंटीचं बजेट मांडतात. शाळांनी मागितलेला आकडा आणि काउंटीनं देऊ केलेला आकडा या दिवशी पहिल्यांदा शेजारी-शेजारी दिसतात. दोन्हींत बहुतेक वेळा तफावत असते, आणि पुढचे अडीच महिने सगळी चर्चा त्या तफावतीभोवती फिरते.

मार्चमध्ये सुपरवायझर घरपट्टीचा जाहीर करायचा दर ठरवतात. याच महिन्यात बरेच सुपरवायझर आपापल्या जिल्ह्यात बजेटवर सभा घेतात, कित्येकदा स्कूल बोर्डाच्या सदस्याला सोबत घेऊन. एप्रिलच्या मध्याला मोठी सुनावणी. एप्रिलच्या शेवटी किंवा मेच्या सुरुवातीला 'मार्क-अप', म्हणजे सुपरवायझर उघड बैठकीत बजेटमध्ये शेवटचे फेरफार करतात. मेमध्ये बजेट मंजूर होतं. मग चेंडू परत स्कूल बोर्डाकडे: मिळालेल्या रकमेत बजेट बसवायचं, पुन्हा सुनावणी घ्यायची आणि मेच्या अखेरीस शिक्कामोर्तब करायचं.

तारखा दरवर्षी चार-आठ दिवसांनी मागे-पुढे होतात. डिसेंबरात दोन्ही संकेतस्थळांवरून त्या उतरवून फ्रिजवर लावा. आमच्या घरी कालनिर्णयवर लाल पेनानं लिहिलेल्या असतात.

मार्चची मर्यादा: सगळ्यात जास्त लक्ष इथे द्या

घरपट्टीचा दर घराच्या किमतीच्या दर १०० डॉलरमागे किती, असा सांगतात. मार्चमध्ये सुपरवायझर एक दर जाहीर करतात आणि त्याची नोटीस निघते. त्यानंतर त्यांना तोच दर ठेवता येतो किंवा कमी करता येतो. वाढवायचा तर पुन्हा नोटीस, पुन्हा सुनावणी. एवढा वेळ हातात नसतो. त्यामुळे मार्चमध्ये जाहीर झालेला दर हेच त्या वर्षाचं छप्पर.

गेल्या काही वर्षांत काय झालं ते पाहा. आर्थिक वर्ष २०२५ साठी जाहीर दर होता १.१३५ डॉलर, मंजूर झाला १.१२५. २०२६ साठी जाहीर केला १.१४, मंजूर झाला १.१२२५. छपरापासून खालीच आले, दोन्ही वर्षी. शाळांना जास्त पैसे हवेत असं वाटणाऱ्या माणसानं मार्चच्या आधी बोलायला हवं ते याचसाठी. आणि कर जड जातोय असं ज्याला वाटतं, त्याच्यासाठी एप्रिल ही अगदी योग्य वेळ आहे.

आता हे आकडे घरात आणून बघू. ७ लाख डॉलर किमतीचं टाउनहाउस धरा. १.१२२५ च्या दरानं वर्षाची घरपट्टी ७,८५७.५० डॉलर. दर एक सेंटनं बदलला तर या घराला वर्षाला ७० डॉलरचा फरक पडतो, म्हणजे महिन्याला सहा डॉलरहून कमी. तोच एक सेंट संपूर्ण काउंटीत मिळून तीन कोटी डॉलरच्या वर जातो. हे दोन आकडे, ७० डॉलर आणि तीन कोटी, पाठ करून ठेवा. चर्चेत सारखे लागतात.

आणखी एक गोष्ट नीट कळायला हवी. दर तोच राहिला तरी घरपट्टी वाढू शकते, कारण घराची किंमत काउंटी दरवर्षी नव्यानं ठरवते. त्याला सगळे असेसमेंट म्हणतात. समजा तेच घर पुढच्या वर्षी ७ लाख ३५ हजारांवर गेलं. दर जागचा हलला नाही तरी बिल ८,२५० डॉलरवर जाईल, जवळपास ३९३ डॉलरनं जास्त. बिल होतं तेवढंच ठेवायचं असेल तर दर सुमारे १.०६९ पर्यंत उतरवावा लागेल. "आम्ही दर वाढवलेला नाही" असं कुणी म्हणालं तर हे गणित आठवा. व्हर्जिनियाच्या कायद्यानंही अशा वाढीची वेगळी नोटीस द्यायला लावली आहे, त्यात असेसमेंटमुळे प्रत्यक्षात किती टक्के वाढ होते ते लिहावं लागतं. ती नोटीस मुद्दाम शोधून वाचा. छोटी असते आणि सरळ असते.

काउंटी घरपट्टीवरच इतकी का विसंबते, हा प्रश्न साहजिक आहे. सर्वसाधारण निधीतले साठ टक्क्यांहून जास्त पैसे तिच्यातूनच येतात. व्हर्जिनियात काउंटीला तेवढेच अधिकार आहेत जेवढे राज्यानं शब्दांत लिहून दिलेत. हॉटेलातल्या जेवणावर कर लावायचा तर पूर्वी सार्वमत घ्यावं लागे. फेअरफॅक्सनं २०१६ मध्ये ते घेतलं आणि लोकांनी तो नाकारला. २०२० मध्ये राज्यानं सार्वमताची अट काढली, आणि २०२५ च्या मेमध्ये सुपरवायझरांनी ४ टक्के जेवण-कर मंजूर केला. तो १ जानेवारी २०२६ पासून लागू झाला. त्या वर्षी घरपट्टीचा दर किंचित खाली येऊ शकला त्यामागे हे उत्पन्न होतं.

कागदातून आपला आकडा कसा शोधायचा

बजेटची पुस्तकं हजारो पानांची असतात. सगळी वाचायची नाहीत. मी चार गोष्टी बघते.

पहिली, सुपरिंटेंडेंटच्या प्रस्तावाचा गोषवारा. मागच्या वर्षापेक्षा काय वाढवलं आणि काय कापलं याचा तक्ता त्यात असतो. कापलेल्या ओळी आधी वाचा. पगारवाढीचा आकडा जवळजवळ नेहमीच सगळ्यात मोठा असतो. शाळांचं बजेट म्हणजे मुख्यत: माणसांचे पगार आणि आरोग्यविमा, हे एकदा लक्षात आलं की "फालतू खर्च कमी करा" म्हणून प्रश्न सुटत नाही हेही कळतं.

दुसरी, प्रोग्रॅम बजेट. या वेगळ्या पुस्तकात प्रत्येक कार्यक्रमाला किती खर्च येतो आणि किती माणसं लागतात हे लिहिलेलं असतं. तुम्हाला काळजी आहे तो कार्यक्रम, मग ते विशेष शिक्षण असो, इंग्रजी शिकणाऱ्या मुलांचे वर्ग असोत किंवा संगीत, तिथे नावानिशी सापडतो.

तिसरी, शिक्षकसंख्येची सूत्रं. किती मुलांमागे किती शिक्षक, हे शेवटच्या परिशिष्टांत असतं. राज्याची कमाल मर्यादा पहिली ते तिसरीला वर्गात ३०, चौथी ते सहावीला ३५. म्हणजे तुमच्या मुलीच्या दुसरीच्या वर्गात २८ मुलं असली तर कायद्यानं ते चालतं. पण काउंटीचं स्वतःचं सूत्र काय म्हणतं, आणि ते बदलायला किती पैसे लागतील, हा खरा प्रश्न. तो आकडा हाती आला की तुमच्या बोलण्याला वजन येतं.

चौथी गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. बजेटच्या काळात सुपरवायझर आणि स्कूल बोर्डाचे सदस्य कर्मचाऱ्यांना लेखी प्रश्न विचारतात आणि त्यांची उत्तरं संकेतस्थळावर येतात. "वर्गात सरासरी एक मूल कमी करायला किती खर्च येईल?" या धाटणीचे प्रश्न तिथे असतात. तुमचा प्रश्न कुणी विचारलेला नसेल तर आपल्या सदस्याला लिहा की तो तुमच्या वतीनं विचारावा. उत्तर जाहीर होतं आणि मग ते सगळ्यांच्या कामाला येतं. भाषणापेक्षा या एका ई-मेलनं जास्त काम होतं, असा माझा अनुभव आहे.

तीन मिनिटांचं म्हणणं लिहिताना

काउंटीच्या सुनावणीत बोलायला साधारण तीन मिनिटं मिळतात. स्कूल बोर्डापुढे वेळ कमीही असू शकतो, नोटिशीत पाहून घ्या. इंग्रजीत बोलणार असाल तर तीन मिनिटांत सुमारे ३८० शब्द, तेही घाई न करता. मी आधी मराठीत लिहिते. मनात काय आहे ते मराठीतच धड सापडतं. मग इंग्रजीत उतरवते आणि मोठ्यानं वाचून घड्याळ लावते.

माझ्या पहिल्या भाषणाची सुरुवात अशी होती: "शिक्षण हा समाजाचा पाया आहे. आपली मुलं हे आपलं भविष्य आहे." चाळीस सेकंद यात गेली. समोर बसलेल्यांपैकी याला विरोध करणारं कुणीच नव्हतं.

दोन वर्षांनी लिहिलं ते असं: "मी सली जिल्ह्यात राहते. माझा मुलगा दुसरीत आहे, वर्गात २८ मुलं आहेत. या वर्षी वाचनासाठी येणाऱ्या मदतनीस बाईंचे तास अर्धे झाले. तो वाचायला मागे आहे. त्या यायच्या तेव्हा तो पाच जणांच्या गटात बसायचा, आता अठ्ठावीसमध्ये बसतो. शाळांनी मागितलेली रक्कम आणि काउंटीनं देऊ केलेली रक्कम यांतला फरक कमी करा, अशी माझी विनंती आहे. माझ्या घराला एक सेंट म्हणजे वर्षाला ७० डॉलर. मी ते भरायला तयार आहे." अजून एक मिनिट शिल्लक होतं. मार्चमध्ये जाहीर झालेला दर कमी करू नका, एवढंच मी त्यात सांगितलं.

म्हणजे क्रम असा: कोण आणि कोणत्या जिल्ह्यातून, डोळ्यांनी पाहिलेली एक गोष्ट, एक आकडा, एक मागणी. मागणी अशी असावी की समोरच्याला हो किंवा नाही म्हणता येईल. मुलाचं नाव घेऊ नका, शिक्षकांचंही नको. सुनावणीचं चित्रीकरण होतं आणि ते कायम संकेतस्थळावर राहतं. तुमचं म्हणणंही सार्वजनिक कागदपत्रांत जमा होतं. आपल्या मुलाची अडचण किती उघड करायची हे लिहितानाच ठरवा.

त्याच सभागृहात तुमच्याआधी कुणी सत्तरीतले गृहस्थ उठून सांगतील की पेन्शन आहे तेवढीच आहे आणि घरपट्टी दरवर्षी चढते. ते खरं बोलत असतात. त्यांना खोडून काढू नका. ६५ वर्षांवरच्या, कमी उत्पन्नाच्या घरमालकांना काउंटी घरपट्टीत सवलत देते, तिची मर्यादा वाढवा असं आपल्या म्हणण्यात जोडता येतं. मी एकदा तसं केलं. बाहेर पडताना त्याच गृहस्थांनी थांबवून विचारलं की या सवलतीचा अर्ज कुठे मिळतो. आम्ही दोघांनी फोनवर तो शोधला.

सुनावणीचा दिवस

नोंदणी बोर्ड ऑफ सुपरवायझर्सच्या क्लर्ककडे ऑनलाइन करायची. समोर जाऊन बोलता येतं, फोनवरून बोलता येतं, आधी व्हिडिओ करून पाठवता येतो किंवा नुसतं लिहूनही देता येतं. चारही प्रकार नोंदीत जातात. व्हिडिओची अंतिम मुदत आधीची असते, ती चुकवू नका. लहान मूल घरी असेल तर फोन बरा. पण एकदा तरी प्रत्यक्ष जा.

एप्रिलची सुनावणी सलग दोन-तीन दिवस, दुपारपासून रात्रीपर्यंत गव्हर्नमेंट सेंटरच्या सभागृहात चालते. आपला क्रमांक यादीत कितवा आहे ते पाहून निघा. यादी लांबते, म्हणून मुलांना शाळेतून आणायची सोय आधीच करून ठेवा. डबा न्या. व्यासपीठासमोर उभं राहिलं की समोर वेळेचा दिवा दिसतो. पिवळा झाला की शेवटच्या वाक्यावर या.

माझ्या आधी एकदा शाळेच्या बसचे चालक बोलले. हातात कागद नव्हता. पहाटे साडेचारला घरातून निघतो, काउंटीत घर परवडत नाही म्हणून तासभर लांब राहतो, आणि चालक कमी पडतात तेव्हा एकाच सकाळी दोन फेऱ्या करतो, म्हणजे दुसऱ्या फेरीची मुलं उशिरा पोचतात. एवढंच. दीड मिनिटात संपलं. सुपरवायझरांपैकी दोघांनी त्यांना थांबवून प्रश्न विचारले. त्या दिवशी प्रश्न फार थोड्यांना विचारले गेले.

एकाच शाळेतले दहा पालक एकच मजकूर वाचत असतील तर ते थांबवा. वेळ वाटून घ्या: एकानं वर्गसंख्या, एकानं विशेष शिक्षण, एकानं शिक्षक सोडून का जातात ते.

सुनावणीनंतरचे दिवस

बोलून झालं की आपलं काम संपलं असं वाटतं. खरं तर सुनावणी आणि मार्क-अप यांच्या मधल्या दिवसांतच तडजोडी ठरतात. या दिवसांत आपल्या सुपरवायझरच्या कार्यालयाला एक छोटा ई-मेल पाठवा. विषयाच्या ओळीत जिल्हा आणि मागणी लिहा, आत पाच ओळी पुरे. तयार मजकुराच्या शेकडो ई-मेलपेक्षा स्वतःच्या शब्दांतला एक वाचला जातो. ते बहुधा आधी सहायक वाचतात. त्यांच्याशी सौजन्यानं बोला, वर्षभर उपयोगी पडणारी माणसं आहेत ही.

मार्क-अपची बैठक ऑनलाइन बघा. कुणी काय मांडलं आणि कुणी कसं मत दिलं ते लिहून ठेवा.

मग मेमध्ये स्कूल बोर्ड. इथे गर्दी फारच कमी असते, आणि मला तेच खटकतं. मिळालेली रक्कम मागितलेल्यापेक्षा कमी असेल तर कात्री कुठे लावायची हे आता ठरतं. वर्गात दोन मुलं वाढवायची, की मुख्यालयातली पदं कमी करायची, की पगारवाढ कमी करायची? इथे नुसतं "कापू नका" म्हणून चालत नाही. त्याऐवजी काय कमी करायचं हेही सांगावं लागतं. अवघड आहे, पण हे सांगणाऱ्या पालकाकडे बोर्ड मान वर करून बघतं.

उन्हाळ्यानंतर आणखी एक संधी येते. मागच्या वर्षी न खर्च झालेल्या पैशांचं काय करायचं याचा आढावा काउंटी घेते, त्याला 'कॅरीओव्हर' म्हणतात, आणि त्यावरही सुनावणी होते. एकदाच करायच्या खर्चासाठी ही वेळ चांगली: उपकरणं, दुरुस्ती, साहित्य. कायमच्या पदासाठी इथे मागू नका, पुढच्या वर्षी ते पैसे नसतात.

शाळेची इमारत जुनी झाली असेल तर तो पैसा या बजेटमधून बहुतांशी येतच नाही. त्यासाठी रोखे काढतात आणि त्याला नोव्हेंबरच्या निवडणुकीत मतदारांची मंजुरी लागते. २०२३ मध्ये फेअरफॅक्सच्या मतदारांनी ४३.५ कोटी डॉलरचे शालेय रोखे मंजूर केले. नूतनीकरणाची रांग वेगळी असते. तुमची शाळा तिच्यात कुठे आहे ते स्कूल बोर्डाच्या भांडवली आराखड्यात दिसतं.

रिचमंडकडेही बघा

रिचमंड ही व्हर्जिनियाची राजधानी. शाळांच्या खर्चातला आपला वाटा राज्य 'लोकल कॉम्पोझिट इंडेक्स' नावाच्या सूत्रानं ठरवतं. एखाद्या भागाची ऐपत किती, हे त्यात मोजतात: मालमत्तेच्या किमतीला ५० टक्के वजन, लोकांच्या उत्पन्नाला ४० आणि दुकानांतल्या करपात्र विक्रीला १०. फेअरफॅक्सचा निर्देशांक ०.६५ च्या आसपास आहे. म्हणजे राज्यानं ठरवलेल्या किमान दर्जाच्या शिक्षणाचा सुमारे दोन तृतीयांश खर्च काउंटीनं उचलायचा. आणि तो किमान दर्जाच मुळात कमी धरलेला आहे. राज्य विधिमंडळाच्याच जेलार्क या अभ्यास आयोगानं २०२३ मध्ये सांगितलं की व्हर्जिनियातल्या शाळांना विद्यार्थ्यामागे मिळणारा पैसा देशाच्या सरासरीपेक्षा सुमारे १४ टक्के कमी आहे.

म्हणून जानेवारीत विधिमंडळाचं अधिवेशन भरलं की आपल्या डेलिगेटला (म्हणजे राज्याच्या कनिष्ठ सभागृहातल्या प्रतिनिधीला) आणि राज्याच्या सिनेटरला एक पत्र लिहा. सगळा भार घरपट्टीवर का पडतो याचं अर्धं उत्तर तिथे आहे.

दुसरीकडे राहत असाल तर

शेजारच्या लाउडनमध्ये कायदा हाच आहे, पण तिजोरी वेगळी. तिथे डेटा सेंटरमधल्या संगणकांवरच्या करातून प्रचंड उत्पन्न येतं, त्यामुळे घरपट्टीचा दर फेअरफॅक्सपेक्षा बराच कमी. एकाच उद्योगावर शाळांचा किती भार टाकावा, हा तिथला विचारण्यासारखा प्रश्न.

मेरीलँडच्या मॉन्टगोमेरीत काउंटी एक्झिक्युटिव्ह निवडून येतात. ते १५ मार्चपर्यंत बजेट मांडतात आणि काउन्सिल १ जूनपर्यंत मंजूर करते. तिथे विद्यार्थ्यामागची रक्कम मागच्या वर्षापेक्षा कमी करायला कायद्यानं काउंटीला बंदी आहे, त्यामुळे चर्चा त्याच्या वर किती यावर होते. न्यू जर्सीत एडिसनसारख्या गावात शाळांचा कर गावाच्या शालेय जिल्ह्यापुरता वेगळा ठरतो, काउंटीकडे जाऊन उपयोग नाही.

फेअरफॅक्सकरांनो, या आठवड्यात दोनच कामं करा. पत्ता टाकून आपला जिल्हा बघा. आणि कालनिर्णयमध्ये फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यावर लिहा: "सुपरवायझरला पत्र, दराबद्दल."